निर्णयस्थान : कुपवाड

पोझनानला दुपारचा एक वाजत आला की कुपवाडला दिवस कलायला लागलेला असे, आणि भूपालअण्णा मगदूम जेवून, पंच्याला हात पुसून फोनसमोर बसलेले असत. सूर्य मावळायच्या आत जेवायचे हा त्यांचा जन्मभराचा नेम. पूर्वी जेवण झाले की ते कारखान्यात एक फेरी मारत. कारखाना पोलंडला गेल्यापासून ती फेरी ते फोनवरून मारत.

“जेवलास काय?”

“बसतोय आत्ता. अण्णा, एक कानावर घालायचं होतं.”

“घाल की.”

अण्णांचा मुलगा सन्मती डबा उघडत बोलू लागला. मगदूमांचा धंदा रबरी वायसरचा. दूध तापवायच्या मोठ्या यंत्रांत जिथे एक नळी दुसरीला जोडतात, तिथे ते बसतात. उत्तरेकडच्या एका डेअरीला आता वर्षभराचा सगळा माल हवा होता, पण अट अशी की दुसऱ्या कुणाला विकायचा नाही.

“म्हणजे बाकीची गिऱ्हाइकं सोडायची?”

“तसंच म्हणतोय तो.”

“माणूस कसाय?”

“बोलायला गोड आहे.”

“गोड आहे म्हणतोस.” पलीकडे राजमतीअक्काने, सन्मतीच्या थोरल्या बहिणीने, ताटे उचलल्याचा आवाज आला. “निम्मा देतो म्हणावं. निम्म्यावर ऐकला तर खरा.”

“मी पण तेच ठरवलं होतं.”

“मग झालं तर. विचारतोस कशाला?”

“विचारत नाही. तुमच्या कानावर असावं म्हणून.”

फोन ठेवल्यावर समोर बसलेली त्याची बायको त्रिशला म्हणाली, “आमटी आणखी वाढू का, की तेही अण्णांना विचारून सांगता?”

“विचारतो कुठं? सांगतो फक्त. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटतं.”

“तेच सांगा सासूबाईंना. ऐकतायत त्या.”

सन्मतीच्या कॉलरवर बटणाएवढी एक काळी टिकली होती. तिचे सरकारी नाव उगममापक. त्रिशलाची खरी सासू तिच्या लग्नाआधीच गेली होती. ती उणीव दोन सरकारांनी मिळून भरून काढली, असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

उगममापकामागचा शोध करखात्याचा नव्हता. एका रुग्णालयात काही डॉक्टर अशा रुग्णांवर काम करत होते, ज्यांना साधी निवडही करता येत नाही. कुठला सदरा घालू, या प्रश्नावर ज्यांची सकाळ निघून जाते. त्यांच्या आवाजाचे आलेख तपासताना डॉक्टरांना एक गोष्ट आढळली, आणि मग ती सगळ्याच माणसांत आढळली. मन दोन बाजूंमध्ये हेलकावत असते तोवर स्वरयंत्राच्या स्नायूंना मेंदूकडून दोन तऱ्हांचे इशारे मिळत राहतात आणि आवाजात एक अतिशय बारीक थरथर उतरते. कानाला ती ऐकू येत नाही. मनाचा निश्चय झाला की ती थांबते. माणूस ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायच्या आधीच थांबते, पुष्कळदा त्याला स्वतःला कळायच्याही आधी. आलेखावर तिची रेघ दातेरी दिसते, आणि निर्णयाच्या क्षणी सपाट होते. दोन माणसे बोलत असली तर कोणाची रेघ आधी सपाट झाली एवढे पाहायचे. निर्णय तिथे उगम पावला.

डॉक्टरांना यातून औषध शोधायचे होते. करखात्यांना मात्र एका जुन्या प्रश्नाचे उत्तर सापडले. कंपनी देश सोडून जाते म्हणजे नक्की काय जाते? यंत्रे जातात, पाटी जाते, पत्ता बदलतो. पण कंपनी राहते कुठे? जिथे तिचे निर्णय होतात तिथे, हे तत्त्व जुनेच होते. ते मोजता येत नव्हते, इतकेच. आता येऊ लागले, आणि देशादेशांनी करार केला. स्थलांतर केलेल्या प्रत्येक कंपनीच्या मालकाने टिकली लावायची. निम्म्याहून अधिक निर्णय ज्या देशात उगम पावतील, तो कंपनीचा देश.

सन्मतीला या टिकलीची भीती कधी वाटली नव्हती. लांबून येणाऱ्या मालावर युरोपने धुराचा कर बसवल्यावर कुपवाडहून वायसर पाठवणे परवडेना, म्हणून तो इकडे आला होता. येताना त्याने निर्गमन कर भरला होता. हा कर चमत्कारिक असतो. कंपनी देश सोडते त्या दिवशी ती विकली असे समजायचे, आणि न झालेल्या विक्रीच्या, न मिळालेल्या नफ्यावर कर द्यायचा. त्यापायी कुपवाडची शेड जागेसकट गेली. पण तो एकदाच भरायचा होता. भरला की सुटका, असे सगळेच म्हणाले होते.

पहिल्या वर्षाचे मापन घेऊन पुण्याच्या करसल्लागार मृणाल दाबके पडद्यावर आल्या. त्या नेहमी आधी हवापाणी विचारत. या वेळी विचारले नाही.

“मगदूमसाहेब, तुमची कंपनी अजून कुपवाडलाच आहे.”

सन्मती हसला. “तिथं आता टाइल्सचं गोदाम झालंय मॅडम.”

“शेडचं नाही म्हणत मी. बहुतेक सगळ्या मोठ्या निर्णयांचा उगम तुमच्या वडिलांकडे दाखवतायत.”

“अहो, मी त्यांना नुसतं सांगतो. माझं ठरलेलं असतं.”

दाबकेंनी वाद घातला नाही. डेअरीबद्दलच्या त्या फोनचा आलेख त्यांनी पडद्यावर आणला. वरची रेघ अण्णांची. ‘निम्मा’ या शब्दाला ती सपाट झाली होती. खालची सन्मतीची. ‘मी पण तेच ठरवलं होतं’ असे तो म्हणत असताना ती दातेरीच होती आणि वाक्य संपता संपता शांत झाली होती.

सन्मती पडद्याकडे वाकला. “मी खोटं नव्हतो बोलत.”

“यंत्रही तसं म्हणत नाही. तुम्हाला खरंच वाटत होतं, ठरलंय म्हणून.”

मग त्यांनी पुढचे समजावले. भारत म्हणणार, कंपनी इथून गेलीच नाही. तिच्या सगळ्या नफ्यावर आमचा कर. पोलंड म्हणणार, कारखाना आमच्याकडे आहे, आमचाही कर. एका देशात भरलेला कर दुसऱ्या देशात वजा करून मिळतो, पण ज्यांचे निर्णयस्थान वादात आहे त्यांना नाही.

“आणि निघताना भरलेला कर?”

“तो निघण्याचा होता. तुम्ही निघालात.”

“म्हणजे निघालोही, आणि निघालो नाहीही.”

“कायद्याच्या भाषेत, हो.” दाबकेंचा आवाज मऊ होता. “यंदा निम्म्याच्या खाली आणा. मागचं माफ होईल. नाही आणलंत तर दोन्हीकडचा कर सोसून ही कंपनी टिकणार नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.”

“अण्णांना इकडं आणलं तर?”

“शुश्रूषा लागणाऱ्या वृद्धांना ते घेत नाहीत. तुमचा अर्ज दोनदा परत आलाय.”

“मग आम्हीच परत गेलो तर?”

“तिकडून निघायला तिकडचा निर्गमन कर.”

दुसऱ्या दिवशी एक वाजता सन्मतीने अण्णांना सगळे समजावून सांगितले. कायदा समजावायला बंदी नव्हती. अण्णांनी मध्ये एकदाही तोंड घातले नाही. शेवटी म्हणाले, “बाप लेकाशी बोलला तर कर?”

“धंद्याचं बोलला तर.”

“मग दुसरं काय बोलू?”

सन्मतीने विचार केला. त्यालाही काही सुचले नाही. दोघे एकमेकांकडे पाहत बसले, आणि अक्काने येऊन, चार्जिंग संपतंय, असे सांगितले तेव्हा दोघांनाही सुटल्यासारखे वाटले.

फोन मात्र चालू राहिला. थंडी किती आहे, गुडघा कसा आहे, अक्काच्या सुनेला कितवा महिना लागला. हे विषय लवकर संपत. अण्णा मग कुणाच्या तरी कारखान्याचे बोलायला तोंड उघडत, आणि मिटत. अक्का एकदा मागाहून म्हणाली, “दिवसभर काही बोलत नाहीत रे. परवा भाजीवाल्याला थांबवून विचारत होते, दुसरा गाडा घेणार का, पोराला कुठं बसवणार. तो बिचारा पळून गेला.”

इकडे सन्मतीच्या टेबलावर कामे तुंबू लागली. रबर कुणाकडून घ्यायचे, जुन्या कामगाराला ठेवायचे की नाही, कशाचेच ठरेना. मारेक नावाचा त्याचा पोलिश फोरमन दारात उभा राहून एकच प्रश्न विचारी. हो की नाही? सन्मती म्हणे, उद्या सांगतो. रात्री जेवताना त्रिशला त्याच्या कॉलरला म्हणे, “काय सासूबाई, आज एकदा तरी सरळ झाली का यांची रेघ?” पहिल्या महिन्यात तो हसला. नंतर तिनेही विचारणे सोडले.

मग हळूहळू अण्णा गोष्टी सांगू लागले. गल्लीतल्या, धंद्याशी संबंध नसलेल्या.

“आपला तो टेलर रे, नेमू. त्यानं बाजारपेठेत दुसरं दुकान घेतलं होतं.”

“मग?”

“मग काय. हिकडं असला की तिकडचं गिऱ्हाईक परत जातंय, तिकडं असला की हिकडचं. आता दोन्हीकडं कुलूप.”

“अरेरे.”

“बाकी बरं आहे न्हवं?”

त्या दुपारी सन्मतीने मारेकला बोलावून सांगितले की दुसरे प्रेस मशीन घ्यायचे नाही. कितीतरी आठवड्यांनी त्याने आपणहून काही ठरवले होते. त्याला हलके वाटले. पुढे असे वारंवार होऊ लागले. कामे उरकू लागली, माल वेळेवर जाऊ लागला, आणि त्रिशला पुन्हा टोमणे मारू लागली. घरातले ते सगळ्यांत चांगले दिवस होते.

दुसऱ्या वर्षाचे मापन आले तेव्हा दाबकेंनी आलेख उघडायच्या आधी विचारले, “ते मुद्दाम सांगतात का हो या गोष्टी?”

“कुठल्या?”

“टेलरची. विहिरीतल्या गाळाची. मेहुण्याला भागीदार करून घेणाऱ्या त्या हलवायाची.”

पडद्यावर नेमू टेलरचा फोन होता. अण्णांची रेघ ‘कुलूप’ या शब्दाला सपाट. सन्मतीची ‘अरेरे’ला. मशीन न घेण्याचा निर्णय दुपारी मारेकसमोर झालाच नव्हता. तो कुपवाडला, जेवणानंतर, एका टेलरच्या दुकानात झाला होता.

“त्यांना त्या मशीनचं माहीतसुद्धा नव्हतं,” तो म्हणाला.

“असेल. यंत्राला कारण लागत नाही. कुठे आधी, एवढंच ते बघतं.”

आता एकच वाट उरली होती. तिला स्वरविच्छेद म्हणत. आवाज नाही, चित्र नाही, पत्र नाही, कुणाकरवी निरोपही नाही. एक वर्ष तसे काढले की कंपनी इथली ठरे.

“आणि वर्षानंतर?”

“वर्षानंतर बोललात तर मोजणी पुन्हा सुरू.” दाबकेंनी चष्मा काढून पुसला. “स्पष्टच सांगते. कंपनी आहे तोवर बोलणं नाही.”

त्रिशला स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून ऐकत होती. पडदा मिटल्यावर आत येऊन म्हणाली, “मोडा कंपनी.”

“आणि कोरे, बिरनाळे? बायकापोरं घेऊन आपल्या भरवशावर इथं आली ती माणसं. त्यांना काय सांगू?”

“मोडली म्हणून सांगा.”

“इतकं सोपं आहे?”

“सोपं नाहीच. पण मोडायची तरी ठरवा, नाही तर ठेवायची तरी ठरवा. तुमच्या तोंडाकडं बघून बघून माझा जीव विटला हो.” तिचे डोळे भरून आले होते. “अण्णा ऐंशीच्या पुढं गेले. त्यांना आता दुसरं काय राहिलंय?”

सन्मतीने त्या आठवड्यात काहीच ठरवले नाही. मात्र फोनवर अण्णांना स्वरविच्छेदाचा कायदा समजावून सांगितला. समजावायला बंदी नव्हती. अण्णा नुसते ‘अस्सं’ म्हणाले. दोन दिवसांनी अक्काचा फोन आला.

“अण्णा म्हणतायत, फोन बंद कर. कारखाना वाचव. माझं काय, मी आज आहे उद्या नाही.” अक्का रडत नव्हती, रागावली होती. “मी म्हटलं, असं कसं म्हणता? तर म्हणाले, तू यात पडू नको.”

सन्मती खुर्चीत बसला. दुःख झालेच, पण त्याच्याखालून छातीवरचा दगड सरकावा तसे काहीतरी झाले. अण्णांनी सांगितले होते. आता करायचे फक्त उरले होते. त्याने तेव्हाच दाबकेंना कळवले.

“असं चालणार नाही,” त्या म्हणाल्या. “विच्छेद हाच या वर्षाचा सगळ्यांत मोठा निर्णय. त्याचा उगमही कुपवाडला निघाला, तर विच्छेद करून उपयोग काय?”

“मग?”

“तुम्ही स्वतः बोलून जाहीर करायचं, मी हे ठरवलंय म्हणून. रेघ सपाट असली तरच ते मान्य होतं. पाठ करून जमत नाही.”

जमले नाहीच. जाहीर करायचे वाक्य एवढेच होते: ‘वडिलांशी संबंध तोडण्याचा निर्णय मी घेतला आहे.’ सन्मतीने ते म्हटले, आणि पडद्यावर रेघ करवतीसारखी उमटली. पुन्हा म्हटले, तेच. दाबके म्हणाल्या, पुढच्या सोमवारी शेवटची संधी आहे. त्यानंतर मुदत संपते.

रविवारी दुपारी एक वाजता त्याने कुपवाडला फोन लावला. अण्णा जेवून बसले होते. अंगात लोकरी बंडी होती आणि दाढी वाढली होती.

“अण्णा, अक्का म्हणाली, तुम्ही फोन बंद करायला सांगितलाय.”

“व्हय. बरोबर आहे न्हवं?”

“बरोबर आहे का म्हणजे? तुम्हीच तर सांगितलंत.”

“मी आपलं तुझ्या मनात तसं दिसलं म्हणून म्हटलं.”

“माझ्या मनात कुठं होतं? तुम्ही म्हणालात म्हणून मी—”

अण्णा गोंधळून हसले. “मी कवा काय सांगितलंय रे तुला? तू ठरवूनच यायचास. तुझ्या बोलण्यावरून मला कळायचं, पोराला हो पायजे का नको. तेच मी म्हणायचो. म्हटलं, बापाचा मान ठेवायला विचारतोय, आपणही त्याच्या मनासारखं बोलावं.”

“नेहमी?”

“नेहमीच की.”

सन्मतीने फोन जवळ ओढला. “अण्णा, पोलंडला यायचं... तेव्हा मी विचारलं, आणि तुम्ही ‘जा’ म्हणालात.”

“तुला जायचं होतं.”

“मला नव्हतं जायचं. तुम्ही ‘नको’ म्हणाल असं वाटलं होतं मला. तुम्ही ‘जा’ म्हणालात, म्हणून मग मी मन घट्ट केलं.”

अण्णांच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, पण त्यात आता काही नव्हते. “मला कुठं पाठवायचं होतं तुला?” ते म्हणाले. “म्हटलं, पोरगं अडकून पडायला नको आपल्यापायी.”

खिडकीबाहेर रस्त्यावरचे मीठ घातलेले बर्फ काळे पडले होते. कोणीच ठरवले नव्हते. दोन माणसांनी एकमेकांचे मन राखता राखता एक शेड विकली होती, चार घरे उठवली होती आणि समुद्र ओलांडला होता. हे कुठल्या देशात घडले, याला यंत्राकडे उत्तर होते, त्याच्याकडे नव्हते.

“मग आता,” अण्णा सावकाश म्हणाले, “फोनचं काय करायचं?”

सन्मती त्यांच्याकडे पाहत राहिला. ते सांगतील म्हणून तो थांबला होता. आणि त्याला कळत होते की तेही त्याच्यासाठीच थांबले आहेत, डोळे बारीक करून, त्याच्या तोंडावर काय उमटतेय ते शोधत. अण्णांनी बराच वेळ पाहिले.

“ठेवू?” त्यांनी विचारले.

“ठेवा.”

सोमवारी सकाळी दाबकेंनी सगळी तयारी करून ठेवली होती. त्रिशला खोलीत आली नाही. सन्मतीला वाटत होते, मागच्या वेळेसारखेच होणार. करवत उमटेल, मुदत संपेल, कारखान्याला कुलूप लागेल. तो जवळजवळ त्याचीच वाट पाहत होता. निदान मग कुणालाच काही ठरवावे लागणार नव्हते.

“वडिलांशी संबंध तोडण्याचा निर्णय मी घेतला आहे.”

रेघ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सपाट होती.

दाबके पुढे वाकल्या. पडद्याच्या कोपऱ्यात यंत्राने एक ओळ लिहिली होती. वाक्यात कुठेच थरथर सापडली नाही तर यंत्र तसे लिही: ‘निर्णय जाहीर करण्याआधीच झालेला. उगम : पोझनान.’

“मान्य झालं,” त्या म्हणाल्या. “कंपनी तुमची झाली. म्हणजे, तिकडची.” मग अवघडून, काहीतरी बोलायचे म्हणून त्यांनी विचारले, “कधी ठरवलंत?”

सन्मतीने सांगायला तोंड उघडले. ते त्याला नाही, अण्णांना माहीत होते. काल फोनवर डोळे बारीक करून पाहताना त्यांनी तो निर्णय त्याच्या तोंडावर वाचला असणार, आणि नेहमीप्रमाणे त्याच्या मनातले तेवढे ‘ठेवू?’ म्हणून बोलून दाखवले असणार. तो क्षण नेमका कुठला, हे ज्यांना विचारायचे त्यांनाच आता विचारता येणार नव्हते.